तुरळक ठिकाणी

शनिवारी दुपारी मार्केट यार्डातून तीस डझन केळी आली. व्यापाऱ्याला मी सोमवारीच सांगून ठेवले होते की माल रविवारी सकाळी खाण्याजोगा हवा. पिवळा दिसला तरी चालेल, पण देठाशी थोडी हिरवी कड राहू दे, म्हणजे पिशवीतून साठ किलोमीटर हिंदकळत गेला तरी काळा पडणार नाही. त्याने शब्द तंतोतंत पाळला होता. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये निळ्या क्रेटमध्ये रचलेल्या त्या फण्या पाहून मला भरून आले, कारण वर्षभराच्या तयारीतली ती शेवटची वस्तू होती. नंबरांचे कागद, सेफ्टी पिना, ओआरएसची पाकिटे, शेंगदाण्याची चिक्की, पंक्चर काढण्याचे सामान हे सारे आधीच खोक्यांत भरून त्यांवर नावे घालून झाली होती. केळी आली की निघायचे, असाच आमचा दर वर्षीचा क्रम. त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी ८६ सायकलस्वारांना राइड रद्द झाल्याचा संदेश पाठवला आणि केळी क्रेटमध्येच राहिली.

ही राइड आम्ही गेली पाच वर्षे करीत आलो आहोत. पुण्याहून पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि निजामपूर असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता कापून आम्ही कोकणात उतरतो आणि तिथल्या एका लहानशा विश्वस्त संस्थेच्या डायलिसिस केंद्रासाठी पैसे गोळा करतो. केंद्रात पाच यंत्रे आहेत. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांना आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार-चार तास त्या यंत्राला जोडून घेऊन बसावे लागते, आणि हे केंद्र निघण्यापूर्वी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना त्यासाठी पनवेल किंवा पुणे गाठावे लागत असे. यंदाचे पैसे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्रकल्पासाठी होते. डायलिसिस चालू असताना यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहत असतो, म्हणजे एका रुग्णामागे चार तासांत १२० लिटरच्या घरात अतिशुद्ध पाणी लागते. हे पाणी एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताला जवळजवळ स्पर्श करीत जाते. त्यामुळे नळाचे जे पाणी आपण निर्धास्तपणे पितो, तेच तिथे जिवावर बेतू शकते. केंद्रातला जुना प्रकल्प थकला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी एखादे यंत्र अधूनमधून बंद ठेवावे लागत होते. आमचे देणगीदार एकेका स्वाराच्या नावे किलोमीटरला दहा, वीस, कुणी पन्नास रुपये कबूल करतात, आणि अशा कबुलीपत्रांची एक जाडजूड फाइल माझ्या कपाटात तयार होती.

श्रावणातलाच रविवार का, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. जुलैतला कोसळणारा पाऊस श्रावणात बहुधा थोडा दम घेतो, ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, घाट हिरवागार असतो आणि एरवी सायकलला हात न लावणारी माणसेही त्या रस्त्याच्या ओढीने नाव नोंदवतात. पण तो रस्ता जातो कुठून, हे विसरून चालत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावर उतरवून पुढे येतात. म्हणूनच पुण्याला वर्षभरात सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्याच सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. आमच्या रस्त्यावर हा फरक सीटवर बसल्या बसल्या कळतो. पिरंगुटला रस्ता कोरडा असतो, पौडला ओलसर, मुळशीच्या जलाशयाकाठी झिमझिम सुरू होते आणि घाटाच्या तोंडाशी दहा हात पुढचा स्वार धुक्यात दिसेनासा होतो. पुण्यातल्या गच्चीवर उभे राहून ताम्हिणीच्या आभाळाबद्दल काही सांगू पाहणाऱ्याने या पन्नास-साठ किलोमीटरांत काय काय बदलते, ते एकदा सायकलवरून पाहावे.

हवामान खाते म्हणूनच पुणे जिल्ह्यासाठी एक आणि पुण्याच्या घाटमाथ्यासाठी दुसरा असा वेगवेगळा इशारा देते. पुणेकरांना हे खाते तसे परके नाही. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, आणि शिवाजीनगरच्या त्या भारदस्त इमारतीला आम्ही आजही सिमला ऑफिसच म्हणतो. त्या आठवड्यात इशाऱ्याच्या तक्त्यात घाटमाथ्याच्या चौकोनाचा रंग गुरुवारी पिवळा होता, शुक्रवारी नारिंगी झाला आणि शनिवारी दुपारी लाल. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा सज्ज राहा आणि लालचा आता कृती करा. रंगाखालच्या शब्दांनाही मोजमाप असते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला तर तो मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून त्याहूनही वरच्या श्रेणीतला. शनिवारच्या पत्रकात घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी या सर्वांत वरच्या श्रेणीच्या पावसाची शक्यता वर्तवली होती. त्यातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्दप्रयोग मी त्या दिवशी किती वेळा वाचला असेल, याची गणती नाही. खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा की त्या टापूतल्या एकूण पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथाई केंद्रांवर तसा पाऊस होईल. म्हणजे तीन चतुर्थांश ठिकाणी तो होणार नाही, हेही त्याच वाक्यात सांगितलेले असते. पण ती चौथाई नेमकी कोणत्या दरीत पडेल, हे आदल्या दिवशी कुणाला सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली नवी अंदाजप्रणाली कार्यान्वित झाली आणि अंदाजासाठी प्रदेश ज्या चौकोनांत वाटला जातो, तो पूर्वीचा बारा किलोमीटरांचा चौकोन सहा किलोमीटरांवर आला, ही फार मोठी मजल आहे. तरीही सहा किलोमीटरांत ताम्हिणीत एक अख्खी दरी, तिच्यावरचा कडा आणि पलीकडचे गाव मावते.

दुपारी साडेचारला आम्ही सहा जण माझ्या घरी बसलो. आमच्यातला सर्वांत तरुण आणि सर्वांत तयारीचा स्वार कळवळून म्हणाला, "ताई, पावसाला भ्यायचं तर पावसाळ्यात राइड ठेवायचीच कशाला? सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घ्या. ज्याला यायचं तो स्वतःच्या जबाबदारीवर येईल." त्याचे म्हणणे मला क्षुल्लक वाटले नाही. भिजण्याला आमच्यापैकी कुणीच घाबरत नव्हते, आणि पावसात सायकल चालवण्यातला आनंद मला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु हमीपत्र स्वार लिहून देतो. घाटातल्या वळणावर लाल झेंडी घेऊन पाच तास एका जागी उभी राहणारी आमची एकोणीस वर्षांची स्वयंसेविका, जिच्या डोक्यावर भुसभुशीत झालेला कडा असतो, तिने काय लिहून द्यायचे? असे चौदा जण होते. स्वार पुढे निघून जातो, धोक्याच्या जागेवर तो दोन मिनिटे असतो. स्वयंसेवक तिथून हलू शकत नाही. शिवाय आमच्याबरोबर एक रुग्णवाहिका असायची. लाल इशाऱ्याच्या दिवशी घाटातल्या एखाद्या वाडीत कुणाला साप चावला, कुणा बाईला कळा सुरू झाल्या, तर ती गाडी ८६ सायकलींच्या मागे दहा किलोमीटरच्या वेगाने चालत असणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येईना. रिम ब्रेकच्या सायकलचे रबर चाकाच्या ओल्या कडेवर घसरते आणि उतारावर थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी अधिक अंतर लागते, रविवारी धबधब्यांपाशी थांबलेल्या मोटारींची दारे अचानक उघडतात, रस्त्यावरून आडवे पाणी वाहू लागले की खालचा खड्डा दिसत नाही, हे मुद्देही निघाले; पण माझ्या मनात निर्णय त्या झेंडीवाल्या मुलीपाशी झाला होता.

आणि मनात २५ जुलै २०२४ होताच. त्या पहाटे पुण्यात शिवाजीनगरला चोवीस तासांत ११४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने पाणी सोडावे लागले, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, आणि डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे पाण्यातून आपली हातगाडी हलवणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची सगळी वह्या-पुस्तके त्या पाण्यात गेली होती. पुढच्या आठवड्यात तो कोरी वही घेऊन आला आणि पहिल्या पानापासून पुन्हा उतरवू लागला, तेव्हा त्याचे अक्षर नेहमीपेक्षा बारीक आणि दाबून काढलेले होते. आमच्या बैठकीतले एक सदस्य २०२१ च्या जुलैत मदतीचे सामान घेऊन महाडला गेले होते. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्यानंतरचे ते दिवस. बैठकीत ते फारसे बोलले नाहीत. हमीपत्राचा विषय निघाला तेव्हा त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला आणि मान हलवली.

एक उदाहरण मी स्वतःहून सांगितले. २२ मे २०२१ रोजी चीनमधल्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली धावण्याची शर्यत झाली. जोरदार वाऱ्याचा इशारा आदल्या दिवशीच दिलेला होता. सकाळी शर्यत सुटली आणि १७२ धावपटू हाफपँट आणि पातळ सदऱ्यांत निघाले. दुपारी उंचावरच्या उघड्या टप्प्यात गारपीट, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदमच आला, अंगावरचे कपडे भिजले, शरीराचे तापमान उतरत गेले आणि २१ जण तिथेच मरण पावले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन सहा जणांना वाचवले. ताम्हिणी म्हणजे गान्सू नव्हे, तिथे कुणी गोठून मरत नाही, हे मला ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची होती: सुटण्याच्या रेषेवर उभे राहून दिसणारे आभाळ हे पुढच्या पाच तासांबद्दल काहीही सांगत नाही, आणि एकदा माणसे डोंगरात विखुरली की आयोजकाच्या हातात फोनशिवाय काही उरत नाही. ताम्हिणीत तर कित्येक वळणांवर फोनलाही रेंज नसते.

सहा दहाला संदेश गेला. तरीही रविवारी पहाटे पाचला मी आमच्या नेहमीच्या मैदानावर जाऊन उभी राहिले, कारण कुणी संदेश न वाचता येऊ नये ही जबाबदारी माझीच होती. तिघे आले. दोघे जवळचेच होते. बोलून, चहा पिऊन परत गेले. तिसरे गृहस्थ नाशिकचे, साठी ओलांडलेले. ते शनिवारी दुपारीच सायकल बसच्या टपावर टाकून निघाले होते आणि संदेश पोहोचला तेव्हा नारायणगावच्या पुढे आले होते. आठ महिने त्यांनी रोज पहाटे सराव केला होता, आणि आपल्या सोसायटीतल्या सत्तावीस घरांकडून एकेक करून देणगीची कबुलीपत्रे आणली होती; ते कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पाऊस लागू नये म्हणून दुहेरी घडी घालून जपले होते. त्यांनी ती पिशवी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "ताई, निर्णय योग्यच आहे. फक्त काल सकाळी कळवलं असतं तर मी घरीच थांबलो असतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून सोडत नाही.

आठ वाजता ढग विरळ झाले. अकराला पुण्यात स्वच्छ ऊन पडले, पाने चमकू लागली, आमच्या समोरच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या वाळत घातल्या. मी घाटातल्या हॉटेलवाल्या दादांना फोन केला. आमच्या दुसऱ्या थांब्याचा चहा दर वर्षी त्यांच्याकडेच असतो. "ताई, इथं नुसती बुरबुर हाय," ते म्हणाले, "गाड्या लई आल्यात. तुमचं दूध तेवढं घेऊन ठेवलंय." त्या वीस लिटर दुधाचे पैसे मी लगेच पाठवले, पण त्यांच्या आवाजातली निराशा पैशांनी भरून निघणारी नव्हती. दुपारी आमच्या गटावर छायाचित्रे येऊ लागली. सात जण आपापले निघून घाट उतरून गेले होते, निळ्या आभाळाखाली, हिरव्या कड्यांपुढे, सायकली डोक्यावर धरून. खाली कुणी लिहिले होते की हवामान खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवून निघावे. हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी तो वाचून मला रडू आले, आणि थोड्या वेळाने रागही.

राग यासाठी की ज्यांनी तो लिहिला, ते सगळे शिकलेले लोक आहेत. चार रविवारांपैकी एका रविवारी दरड येण्याजोगा पाऊस होईल, असे जर मला कुणी खात्रीने सांगितले आणि मी चारही राइड रद्द केल्या, तर तीन वेळा ऊन पडणारच आणि तीन वेळा मला लोक चुकीची ठरवणारच. तो त्या गणिताचाच भाग आहे. अंदाज खोटा ठरला असे त्यातून निघत नाही, कारण अंदाजात ते तीन कोरडे रविवार आधीच धरलेले होते. शनिवारच्या निर्णयाला शनिवारी संध्याकाळी हाताशी जे होते त्यावरूनच तोलावे लागेल. रविवारच्या उन्हाला त्यात साक्षीला बोलावता येत नाही. वर्गात मुलांना शक्यता शिकवताना मी हेच सांगते की नाणे पडल्यावर जे दिसते ते नाणे उडवण्यापूर्वी कुणाच्याही हाती नसते, आणि पंधरा वर्षांची मुले ते सहज मान्य करतात. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवावे. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, मुंबई बहुतांशी बचावली आणि मुंबईत कितीतरी लोकांनी उगाच घाबरवले म्हणून नाराजी व्यक्त केली. त्याच दुपारी श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या पट्ट्यात सुपारीच्या आणि नारळाच्या पिढीजात बागा आडव्या झाल्या होत्या, घरांची छपरे उडाली होती, वीज महिनाभर आली नाही अशीही गावे होती. एखाद्या शहराने खिडकीतून पाहून संपूर्ण किनाऱ्याचा निकाल द्यावा, हे मला तेव्हाही पटले नव्हते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे आपले ठिकाण नव्हे, असे धरून चालण्याची सवय आपल्याला लागली आहे. आणि ज्याचे ते ठिकाण असते, त्याच्या वाट्याला मात्र ते तुरळक नसते, सबंध येते.

रद्द करण्याबद्दल म्हणूनच मी कुणाची क्षमा मागितली नाही आणि मागणार नाही. उशिराबद्दल मात्र मागितली. शुक्रवारी नारिंगी रंग दिसला होता तेव्हाच आम्ही बसायला हवे होते. मी स्वतःशी म्हणत राहिले की शनिवारचे पत्रक पाहू, दुपारचे पाहू, कदाचित रंग उतरेल, आणि या आशेचा खर्च नाशिकच्या काकांनी, घाटातल्या हॉटेलवाल्या दादांनी आणि रात्री सुट्टी काढून आलेल्या दोन परिचारिकांनी भरला. वाट पाहिल्याने अंदाज थोडा अधिक पक्का होतो हे खरे, पण दूर राहणाऱ्या माणसासाठी बारा तास आधीचा कच्चा निर्णय हा ऐन वेळी आलेल्या पक्क्या निर्णयापेक्षा मोलाचा असतो. आता आम्ही लिहून ठेवले आहे की निर्णय शुक्रवारी संध्याकाळी सहाला होईल, घाटमाथ्याचा रंग नारिंगी किंवा लाल असेल तर राइड पुढे ढकलली जाईल, आणि शनिवारी रंग उतरला तरी तो निर्णय फिरणार नाही. बैठकीत हे शेवटचे कलम सर्वांत जास्त वेळ चालले, आणि मी त्यावर अडून बसले.

केळ्यांचे काय करायचे हा प्रश्न सोमवारपर्यंत थांबणारा नव्हता. सर्वांच्या मनात पहिला विचार एकच आला की ती खाली केंद्रात पाठवावीत. मी केंद्रातल्या तंत्रज्ञ ताईंना फोन केला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "केळी नका पाठवू हो ताई. आमच्या माणसांना ती चालत नाहीत." केळ्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात. ज्यांची निकामी झाली आहेत त्यांच्या रक्तात ते साठत जाते आणि मर्यादेपलीकडे गेले की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. नारळपाणी, केळी, सुकामेवा, म्हणजे आपण आजाऱ्याला भेटायला जाताना जे जे हातात घेऊन जातो, ते बहुतेक सारे त्यांना वर्ज्य. पाच वर्षे मी त्या केंद्रासाठी पैसे जमवत होते आणि तिथल्या ताटात काय असते हे मला माहीत नव्हते. केळी शेवटी आमच्या भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहात गेली. देठांची हिरवी कड तोवर गेली होती आणि सालीवर तांबूस ठिपके आले होते. मुलींनी दोन दिवसांत ती संपवली.

पैशांचा प्रश्न अधिक अवघड होता. बहुतेक देणगीदारांनी विचारायच्या आधीच रक्कम पाठवली. पण आमच्या चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सारे शेठ म्हणतो, त्यांनी सरळ विचारले, "सायकल चालवलीच नाही, तर मी पैसे कशाचे द्यायचे?" प्रश्न रास्त होता. किलोमीटरला वीस रुपये हा करार आम्हीच त्यांच्यापुढे ठेवला होता. दान आणि श्रम यांची अशी सांगड आपल्याकडे जुनीच आहे. अनवाणी चालत केलेला नवस आणि गाडीत बसून केलेले दर्शन यांत आपण फरक करतोच. तरीही २०२० मध्ये पायी वारी होऊ शकली नाही तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. रस्त्याकडेला हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांची त्या दिवशीची छायाचित्रे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. आयुष्यभर न चुकलेली वाट चुकल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यांवर होते, पण वारी झालीच नाही असे म्हणणारा मला त्यांच्यात कुणी भेटला नाही. एवढे मोठे उदाहरण मी शेठजींपुढे ठेवले नाही. मी एवढेच म्हणाले की तुमचे बरोबर आहे, पुढची तारीख ठरली की कळवते.

मंगळवारी जमलेल्या रकमेचा धनादेश घेऊन मी स्वारगेटहून एसटीने निघाले. ताम्हिणीतून जाताना काचेवरचे थेंब पुसत मी ती वळणे मोजली, जिथे आमची मुले उभी राहिली असती. कुठेही दरड नव्हती, रस्ता स्वच्छ होता. केंद्रात पाचही यंत्रे चालू होती आणि त्यांचा तो मंद, एकसारखा घरघर आवाज भरून राहिला होता. तंत्रज्ञ ताईंनी भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता दाखवला. सोमवारच्या रकान्यातली चार नावे खोडून रविवारच्या रकान्यात लिहिली होती. रविवारी केंद्राला सुट्टी असते. त्या म्हणाल्या, "लाल इशारा आला की घाटाकडच्या आणि खाडीपलीकडच्या रुग्णांना आम्ही आधीच बोलावून घेतो. रस्ता बंद झाला आणि पाळी चुकली तर दोन दिवसांत अंगावर सूज चढते, दम लागतो. म्हणून शनिवारी दुपारीच सगळ्यांना फोन केले."

"मग सोमवारी रस्ता बंद झाला का?" मी विचारले.

"नाही हो," त्या म्हणाल्या, आणि नळीतली हवा काढण्यासाठी पुढच्या खाटेकडे वळल्या.

त्या खाटेवरच्या आजी रविवारी आलेल्या चौघांपैकी नव्हत्या. त्यांची पाळी मंगळवारचीच होती. त्यांच्या हाताच्या कोपराखाली शिरेचा एक जाड फुगीर दोर उठून दिसत होता, रक्त घेण्यासाठी शस्त्रक्रियेने तयार केलेला. त्यांनी माझा हात त्यावर ठेवला. बोटांखाली मांजराच्या पोटासारखी थरथर लागत होती. ती थरथर रोज सकाळी तपासायची, थांबली तर लगेच यायचे, पाऊस असो नसो, असे त्यांना शिकवलेले आहे. "तुम्ही सायकलवाले ना?" त्यांनी विचारले. "या वर्षी नाही आलात. पाऊस सांगितला होता म्हणून आम्हीही जरा काळजीतच होतो, म्हटलं पोरं कुठे अडकली की काय."

राइडची नवी तारीख दिवाळीनंतरची आहे. कबुलीपत्राचा कागद मी नव्याने तयार केला. त्यात किलोमीटरचा रकाना ठेवला, पण खाली एक ओळ घातली की राइड हवामानामुळे रद्द झाली तर ही रक्कम ठरलेल्या शंभर किलोमीटरांची धरली जाईल, आणि ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी ती ओळ खोडावी. पहिला कागद घेऊन मी शेठजींकडेच गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, ती ओळ तशीच ठेवली, सही केली आणि गल्ल्यातून मागच्या राइडचे दोन हजार रुपये वेगळे काढून माझ्यासमोर मोजले. मग म्हणाले, "पण घाट उतरलात की मला फोन करायचा. मागच्या रविवारी दिवसभर दुकानात बसून मी तुमच्या फोनची वाट पाहिली. रद्द झाल्याचं मला संध्याकाळी कळलं."

त्यांचा क्रमांक आमच्या संदेशाच्या यादीत नव्हता. देणगीदारांपैकी कुणाचाच नव्हता. मी दुकानाच्या पायरीवर बसून तो त्याच वेळी घातला, आणि घरी येऊन फाइलमधल्या पहिल्या कागदापासून पुढचे क्रमांक उतरवायला घेतले.